पहिल्या दिवशीचा चेहरा

मी विमा कंपनीत काम करतो. लोकांच्या आयुष्यात काय काय वाईट घडू शकतं, याचा विचार करायचा मला पगार मिळतो. कोणी न्हाणीघरात जुना गिझर ठेवला, कोणी गॅलरीच्या कठड्यावर जड कुंड्या मांडल्या, की त्यात धोका किती हे मी सांगतो आणि माझे साहेब त्याखाली सही करतात. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या गिझरांकडे संशयाने पाहत आलो आहे. पण बाजारात एखादी नवी वस्तू आली, की माझं हे सगळं ज्ञान ऑफिसच्या खुंटीवर लटकून राहतं आणि मी तसाच दुकानात जातो.

बिनवायरची इस्त्री आमच्या भागात पहिल्यांदा माझ्याकडे आली. ती गरम व्हायला जितका वेळ घ्यायची, तितक्या वेळात शर्ट आपोआप सुकून सरळ व्हायचा. आपणहून फिरणारा झाडूही पहिल्यांदा माझ्याचकडे आला. तो सोफ्याखाली गेला आणि तिथेच रमला. या गोष्टी मी कोणाला सांगत नाही, आणि सांगायची गरजही पडत नाही, कारण बायको सांगते.

आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक काका राहतात. लिफ्ट तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी 'थांबा' या एका शब्दावर काढली आणि निवृत्त होताना तो शब्द घरी घेऊन आले. सगळी इमारत त्यांना थांबाकाका म्हणते. आमची लिफ्ट त्यांच्याच तक्रारीवरून बंद आहे. तिच्या दोराचा आवाज त्यांना आवडला नाही. तपासायला माणूस येणार आहे म्हणतात, आणि काका स्वतः सगळ्यात वर राहून जिना चढतात, त्यामुळे बाकीच्यांना बोलायला तोंड नाही.

एकदा मी त्यांना सहज म्हटलं, "काका, तुम्ही नवीन काहीच कसं घेत नाही?"

"घेतो की," काका म्हणाले. "आधी वर्षभर तुमच्याकडे बघतो. तुमच्या घरात टिकलं, की घेतो."

तोवर मला वाटत होतं, काका आमच्याकडे गप्पा मारायला येतात.

आता बायकोचं सांगतो, कारण या सगळ्यात खरा जीव तिचा अडकलेला होता. ती भरतकाम करते. सुई-दोरा घेऊन खिडकीत बसण्याचं नव्हे, मशीनवरचं. हे मशीन म्हणजे शिवणमशीनचा थोरला भाऊ. कम्प्युटरवर चित्र काढायचं, ते वायरीतून मशीनला पाठवायचं, की सुई आपली आपण टकटक करत कापडावर तेच चित्र भरते. मशीन आमच्या जेवणाच्या टेबलावर असतं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. कोपऱ्यावरच्या घड्याळजीने धंदा आवरला तेव्हापासून त्याच्या रिकाम्या गाळ्यावर बायकोची नजर होती. येता-जाता ती काचेला नाक लावून आत बघायची आणि मशीन कुठे बसेल याचा हिशोब करायची. घड्याळजी सज्जन माणूस. तो म्हणाला होता, "तुझं काही नक्की होईपर्यंत मी दुसऱ्याला देत नाही. पण फार दिवस ठेवता यायचा नाही, बाई."

आणि नक्की होण्यासारखं काहीतरी आलं. अग्निशमन दलाच्या बँडपथकाला नवे गणवेश मिळणार होते. प्रत्येकाच्या खिशावर बोधचिन्ह हवं होतं, पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पायांत बिगुल. बँडमास्तर स्वतः येऊन काम देऊन गेले. दलाच्या वर्धापनदिनाच्या संचलनात ते गणवेश चढायला हवेत, आणि काम मनासारखं झालं तर सगळ्या दलाचं वर्षाचं काम तिलाच, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे गाळा. बायको त्या दिवशी भांडी घासताना गुणगुणत होती.

मलाही तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. इथून पुढे जे झालं त्याच्या मुळाशी प्रेम होतं, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

आमचा कम्प्युटर जुना होता. सुरू केला, की त्याचा पंखा असा घरघरायचा, की फोनवर बोलणारा माणूस विचारायचा, तुम्ही विमानतळावर आहात का. त्यातच एका सकाळी पेपरात पानभर जाहिरात आली. नवा कम्प्युटर. कागदासारखा पातळ, आवाज नाही, पासवर्डची कटकट नाही, तुमचा चेहरा पाहून उघडणार. खाली लिहिलं होतं, 'पहिले व्हा.' मला तर ते नाव घेऊन हाक मारल्यासारखं वाटलं.

मी जाहिरात काकांना दाखवली. दाखवायची गरज नव्हती, पण दाखवल्याशिवाय मजा येत नाही.

"थांबा," काका म्हणाले.

"का पण?"

"पहिल्या खेपेचं आहे. अजून कोणाच्या घरी बिघडलेलं नाही. आधी कुठे बिघडतं ते कळू दे, मग ते दुरुस्त करतील, मग घ्या."

"सगळेच असे थांबले तर बिघडणार कोणाकडे?" मी मुद्द्याचं विचारलं.

काकांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं आणि चहा प्यायला.

बायको दोऱ्याची रिळं आणायला घाऊक बाजारात जाऊन तशीच बहिणीकडे मुक्कामाला गेली होती. मला वाटलं, हीच वेळ. ती परत येईल तेव्हा टेबलावर नवा कम्प्युटर असेल, ती माझ्याकडे पाहील, मी म्हणेन, "काही नाही, असंच." हे 'असंच' कोणत्या सुरात म्हणायचं याचीही मी तयारी केली होती.

विक्री सुरू झाली त्या सकाळी दुकानापुढे रांग होती. माझ्यापुढे एक गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आले होते. ते माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी रांगेत उशिरा जन्माला आलो. आतला विक्रेता टाय लावलेला, गोड बोलणारा. मी त्याला विचारलं, "याला भरतकामाचं मशीन जोडता येतं का?"

"सर, याला काय जोडता येत नाही ते विचारा," तो म्हणाला.

मी ते विचारलं नाही. विमा कंपनीतल्या माणसाने ते विचारायला हवं होतं.

घरी आलो तेव्हा काका जिन्यातच भेटले. म्हणाले, "जुना टाकू नका. मला द्या." मी जुना कम्प्युटर उचलून त्यांच्या हातात ठेवला. खरं तर थोडा गुर्मीतच ठेवला. बायकोची सगळी चित्रं मी आधी नव्यात भरून घेतली होती. गरुड नव्या पडद्यावर असा झळकला, की क्षणभर मीच मागे सरलो. आता जुन्याची गरजच काय, असं मला वाटलं. बायकोला विचारावं असं मात्र मुळीच सुचलं नाही, कारण विचारलं तर आश्चर्य कसलं राहणार?

मग चेहरा ओळखण्याचा कार्यक्रम. कम्प्युटर म्हणाला, समोर बसा. बसलो. पासवर्ड ठेवायचा की पासवर्डमुक्त आयुष्य जगायचं, असं त्याने विचारलं. मी मुक्त आयुष्य निवडलं. त्याने माझा चेहरा डावीकडून, उजवीकडून, वरून पाहून घेतला. त्या वेळी मी काय आनंदात होतो म्हणून सांगू. कानापासून कानापर्यंत हसत होतो. कम्प्युटरने तोच चेहरा माझा म्हणून कायमचा नोंदवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बायको आली. रिळांची पिशवी खाली ठेवली. टेबलाकडे पाहिलं. मी म्हणालो, "काही नाही, असंच."

तिने कम्प्युटरभोवती एक चक्कर मारली. मग शांतपणे विचारलं, "मशीनची वायर कुठे जोडायची?"

मीही चक्कर मारली. मागे काही नव्हतं. पुढे काही नव्हतं. डाव्या अंगाला एक छिद्र होतं, तीळ जाईल इतकं. मशीनच्या वायरीचं तोंड जाड आणि चौकोनी.

"जुना कुठे आहे?" तिने विचारलं.

"वर."

ती वर पाहू लागली. मग तिला उमजलं. ती रिळं रंगांप्रमाणे लावायला बसली, आणि ती रिळं लावते तेव्हा मी घरात नसलेलं बरं असतं.

मी दुकान गाठलं. विक्रेता आता टाय सैल करून बसला होता. "सर, त्या छिद्राचा जोड वेगळा घ्यावा लागतो," तो म्हणाला.

"मग द्या."

"तो अजून निघालेला नाही."

"कम्प्युटर निघाला आणि जोड नाही निघाला?"

"सर, तुम्ही लवकर आलात," तो म्हणाला. त्या रांगेत उभं राहून जे कौतुक मिळवायला मी गेलो होतो, ते हे असं मिळालं.

जोड आला तोवर संचलन पुढ्यात येऊन ठेपलं होतं. वायर जोडली. कम्प्युटरने लिहिलं, 'अनोळखी वस्तू.' बायको म्हणाली, "मला म्हणतोय की मशीनला?" मी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवून एक बाई बोलल्या. त्यांचा आवाज असा मऊ होता, की भांडायला गेलेला माणूस त्यांची चौकशी करून परत येईल.

"भरतकामाचं मशीन जोडणारे तुम्ही आमचे पहिलेच ग्राहक आहात," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

"आम्ही आपले आभारी आहोत. आपल्यामुळे आम्हाला ही अडचण कळली. अपडेट येईल तेव्हा ती दूर होईल."

"कधी येईल?"

"लवकरच. तोवर एक तात्पुरता उपाय सांगते."

या तात्पुरत्या उपायात कम्प्युटर अनेकदा बंद करून सुरू करायचा होता. आणि इथे दुसरंच प्रकरण उभं राहिलं. बंद करून सुरू केला, की तो चेहरा मागायचा. माझा चेहरा आता पहिल्या दिवसाचा राहिला नव्हता. तो पाहायचा आणि लिहायचा, 'ओळख पटली नाही.' मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नोंदणीच्या वेळी होता तसाच चेहरा ठेवा."

"तेव्हा मी आनंदात होतो."

"मग तसाच ठेवा," त्या मऊपणे म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या घरात एक नवा कार्यक्रम सुरू झाला. मी रोज त्या कम्प्युटरपुढे बसून त्याला दात दाखवून हसत असे. कमी हसलो तर उघडत नसे. जास्त हसलो तर म्हणे, 'थोडे मागे सरका.' बायको दारात उभी राहून पाहायची. एकदा म्हणाली, "माझ्याकडे बघून असं कधी हसला होतात?" मी म्हणालो, लग्नात. ती म्हणाली, लग्नाच्या फोटोत तुम्ही घड्याळ बघताय.

तात्पुरत्या उपायाने मशीन शेवटी चाललं. टकटक सुरू झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. बायकोने कापड काढलं, उजेडात धरलं आणि माझ्या हातात दिलं. नव्या पडद्याची रुंदी जास्त, त्या मापाने चित्र वरून खाली दाबलं गेलं होतं. पसरलेले पंख खाली दबून अंगाला चिकटले होते, चोच आखूड झाली होती, मान खांद्यांत गेली होती. पायांतला बिगुल गोल होऊन पोटाखाली आला होता. थोडक्यात, गरुडाची कोंबडी झाली होती आणि ती अंडं उबवत होती.

"लांबून बरं दिसतं," मी म्हणालो.

"किती लांबून?" बायको म्हणाली.

नेमके त्याच दिवशी बँडमास्तर नमुना पाहायला आले. धिप्पाड माणूस, झुपकेदार मिशा, पाठ अशी ताठ की खुर्चीने संकोचावं. बायको आत चहा टाकायला गेली. मला वाटलं, आपण यांना आधी नवा कम्प्युटर दाखवू, म्हणजे कोंबडीचा धक्का जरा सौम्य होईल. "अगदी पहिल्या खेपेचा आहे," असं म्हणून मी त्याच्यापुढे बसलो आणि हसलो. 'ओळख पटली नाही.' अजून हसलो. बँडमास्तर माझ्याकडे पाहू लागले. मी मान तिरकी करून, गाल वर ओढून, डोळे मोठे करून हसलो. त्यांनी खुर्ची जराशी मागे घेतली.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. आग विझवणाऱ्या खात्यातला माणूस, पण मला पाहून घाबरला.

तेवढ्यात बायको नमुना घेऊन आली. त्यांनी तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. कोंबडीवरून अंगठा फिरवला.

"हा गरुड बसलाय," ते म्हणाले.

"उठेल," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सरळ सांगितलं, "हे चुकलंय. असं मी देणार नाही. मला थोडे दिवस द्या."

"थोडेच आहेत," बँडमास्तर म्हणाले. "परवा सांगा. जमणार नसेल तर मोठ्या कारखान्यात टाकावं लागेल. माझी माणसं कोंबडी लावून रस्त्यावर चालणार नाहीत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी मला तब्येतीला जपायला सांगितलं.

ते गेल्यावर बायको मशीनपाशी बसली. मशीनवर तिने आवरण घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.

"तुम्ही मला विचारलं का नाही?" ती म्हणाली.

"तुला आश्चर्य वाटावं म्हणून."

"वाटलं," ती म्हणाली. "मला नवीन काही नको होतं हो. जुनं घरघरायचं, पण मला त्याची सवय होती, त्याला माझी होती. मला फक्त तो गाळा हवा होता."

ती रडत नव्हती, पण बोलताना तिने रिळांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मला फार वाईट वाटलं. विम्यात नुकसानीचं मोल काढता येतं, पण ते सगळं वस्तूंचं असतं. बायको अशा आवाजात बोलली, की त्याचं मोल काय लावायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. मी चपला घातल्या आणि वर गेलो.

वर जाण्याचा तो एक मजला मला फार उंच वाटला. जुना कम्प्युटर परत मागायचा, तोही थांबाकाकांकडे. मनात वाक्यं जुळवत गेलो. 'काका, सहज विचारतो', 'काका, तुम्हाला तो तसा लागतोय का', अशी तीन-चार तयार केली. दार उघडल्यावर तोंडातून निघालं, "काका, तुमचं बरोबर होतं."

"कशाबद्दल?" काका म्हणाले. म्हणजे ते एवढ्या वेळा बरोबर असतात, की त्यांना नेमकं कळेना.

आत जुना कम्प्युटर खिडकीपाशी बसला होता. त्याच्यावर काकूंनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. चालू होता, आणि आवाज अजिबात नव्हता.

"याचा पंखा?" मी विचारलं.

"धूळ होती. काढली," काका म्हणाले.

इतकी वर्षं मी त्या आवाजाला म्हातारपण समजत होतो. मी कधी झाकण उघडून पाहिलं नव्हतं. नवा घेण्यात जो उत्साह होता, त्याच्या पावभर उत्साहात फडकं मारून झालं असतं. मी सगळी हकीकत सांगितली. काकूंना कोंबडीचा भाग दोनदा सांगावा लागला.

"तर काका, कम्प्युटर थोडे दिवस खाली नेऊ का?"

"थांबा," काका म्हणाले. "हा हलवायचा नाही. चालतंय ते हलवायचं नाही. मशीन वर आणा."

"मशीन जड आहे, काका."

"मग सावकाश आणा."

लिफ्ट बंद होती, ती का बंद होती ते मी आधी सांगितलंच आहे. ज्यांनी ती बंद केली ते माझ्यापुढे उलटे चढत मला मार्गदर्शन करत होते. मी मशीन छातीशी धरून पाय टाकला, की ते म्हणत, "थांबा. आता डावा." मग, "थांबा. कोपरा आहे." वळणावर अडकलो तेव्हा ते भिंतीकडे, मग मशीनकडे, मग पुन्हा भिंतीकडे असं शांतपणे पाहत उभे राहिले. मी म्हणालो, "काका, हात सुटतील." ते म्हणाले, "घाईने सुटतात." बायको मागून मशीनचा पाय धरून होती. तिला हसू आवरत नव्हतं. कितीतरी दिवसांनी ती हसत होती, म्हणून मी तसाच उभा राहिलो.

जुन्या कम्प्युटरला वायर जोडली. त्याने कोणाचा चेहरा मागितला नाही, अनोळखी म्हटलं नाही. जुन्या कामावर परतलेल्या कारकुनासारखा कामाला लागला. सुई टकटकू लागली. पहिला गरुड कापडावर उभा राहिला तेव्हा बायकोने मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. बँडमास्तरांना तिने स्वतःच फोन करून सांगितलं, "जमतंय."

मग आमचं घर वरच्या मजल्यावर गेलं, म्हणजे बायको गेली. काकू तिला चहा द्यायच्या, ती काकूंना अभ्र्यांवर फुलं भरून द्यायची. काकांची दुपारची झोप तेवढी सांभाळावी लागे. तेव्हा मशीन बंद. काका उठून खोकले, की टकटक सुरू. मला संध्याकाळी वर बोलवत आणि हातात कात्री देत. गरुडाच्या पाठीमागचे सुटे धागे कापायचं काम माझ्याकडे होतं. "फार जवळून कापू नका," बायको सांगायची. "थांबा," काका पुस्ती जोडायचे. मी विमा कंपनीत जबाबदार पदावर आहे, हे त्या खोलीत कोणाच्याच लक्षात नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी खाली नव्या कम्प्युटरपाशी फोन कानाला लावून बसे. कानात हेल्पलाइनचं संगीत आणि डोक्यावर छतातून जुन्याची टकटक. बाई विचारत, "सर, मागे कसला आवाज येतोय?" मी म्हणे, "काम चाललंय." "आपल्या कम्प्युटरवर?" "नाही," मी म्हणे, "आपल्या नाही."

वर्धापनदिनाला आम्ही चौघे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. काका आधी पोचले होते. बँड लांबून ऐकू आला, मग वळणावरून पुढे आला. बँडमास्तर सगळ्यांत पुढे, पाठ नेहमीसारखी. त्यांच्या खिशावर गरुड होता, पंख पसरलेला, पायांत बिगुल धरलेला. त्यांच्यामागे रांगेने गरुडच गरुड. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं गाणं म्हणतेय, पण ती टाके तपासत होती. आमच्यासमोर आल्यावर बँडमास्तरांनी मान न वळवता बायकोकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि खिशावर दोन बोटं ठेवली. बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी रडलो नाही, पण मला समोरचं नीट दिसेना.

वर्षाचं काम तिला मिळालं. घड्याळजीने गाळ्याची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि भिंतीवरचं एक घड्याळ तिथेच राहू दिलं. मशीन पुन्हा जिन्याने खाली आलं, "थांबा"च्या तालावर. त्याच्याबरोबर जुना कम्प्युटरही आला. काकांनीच काढून दिला. "हा तिचाच होता," ते म्हणाले, "मी फक्त सांभाळला." काकूंनी झाकणही दिलं.

पुढे वर्षभराने नव्या कम्प्युटरचं अपडेट आलं. सगळं सुरळीत झालं. पंख उघडे, चोच लांब, मशीनची ओळख पटणार, चित्र दबणार नाही. हेल्पलाइनच्या बाईंनी माझे आभार मानले. म्हणाल्या, तुमच्या तक्रारींमुळे आता कोणालाच त्रास होत नाही. मी तो घेऊन हौसेने गाळ्यावर गेलो. बायकोने जुन्याच्या झाकणावरचा दोरा झटकला आणि म्हणाली, "चालतंय ते हलवायचं नाही."

त्या संध्याकाळी मी तो घरी परत आणला, तेव्हा काका खाली आले. नव्या कम्प्युटरभोवती त्यांनी एक चक्कर मारली.

"टिकला की," ते म्हणाले. "आता घ्यायला हरकत नाही. हाच द्या मला."

दिला. म्हटलं, त्यांनीही आमचा सांभाळला होता. पण तो त्यांच्या घरी गेल्यावर लक्षात आलं, की तो उघडतो माझ्याच चेहऱ्याला. दुसरा चेहरा नोंदवण्याची सोय पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे. सगळं पुसून नव्याने सुरू करता येतं, पण काका म्हणतात, चालतंय ते पुसायचं नाही, आपण थांबू. त्यामुळे रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी वर जातो. काकू दार उघडतात. काका खुर्ची सरकवतात. मी बसतो आणि हसतो.

पहिले काही दिवस उघडता उघडेना. आता एका झटक्यात उघडतो. काका विचारतात, जमलं कसं. मी सांगत नाही. खुर्चीत बसलो, की मी मनात त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. बँड वळणावरून येतो आणि बायको माझं मनगट धरते.